शिरगणतीत न सापडलेली माणसे

सन २०११ च्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार असेल. शेजाऱ्यांचे वर्तमानपत्र परत करायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि नेहमीप्रमाणे चहासाठी थांबलो होतो. इतक्यात शिरगणतीच्या बाई आल्या. जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. हातात भला मोठा कागद, खांद्याला पिशवी आणि चेहऱ्यावर अजून वीस घरे उरकायची आहेत ही काळजी. दाराजवळच्या खुर्चीवर बसून त्यांनी भराभर प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव काय, वय काय, शिक्षण किती, कामधंदा कोणता. शेजारी उत्तरे देत होते आणि बाई रकाने भरत होत्या. मग प्रश्न आला, "घरात कोणी अपंग?"

"छे हो!" शेजारी म्हणाले, "देवदयेने सगळे धडधाकट आहेत."

बाई पुढच्या रकान्याकडे वळल्या.

त्या वेळी आतल्या खोलीत शेजाऱ्यांच्या मातोश्री खाटेवर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. भिंतीला धरल्यावाचून त्यांना मोरीपर्यंत जाता येत नसे आणि कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नसे. शेजाऱ्यांचे धाकटे बंधू मागच्या अंगणात सायकलची चेन बसवीत होते. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय वाळला होता. शेजारी जाणूनबुजून खोटे बोलले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांच्या लेखी अपंग म्हणजे देवळाच्या पायरीशी बसलेला कोणी तरी अनोळखी माणूस. आई म्हणजे आई. तिचे आता वयच झाले. आणि भाऊ जरासा लंगडतो, पण कामाला वाघ!

आणि मी? मी चहाची बशी हातात धरून गप्प बसलो. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला तोंड घाला!

पुढे त्या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशाची लोकसंख्या १२१ कोटी, आणि त्यात अपंग २ कोटी ६८ लाख. म्हणजे शेकडा २.२१. पंचेचाळीस माणसांत एक. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजार, शेकडा २.६४. हे आकडे वाचले तेव्हा मला पहिली आठवण झाली ती त्या चहाच्या बशीची. या दोन कोटी अडुसष्ट लाखांत माझ्या माहितीतली दोन माणसे नाहीत, हे मला पक्के ठाऊक होते.

आता हा आकडा जगाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जो अहवाल काढला, त्यात जगातल्या १३० कोटी माणसांना लक्षणीय अपंगत्व आहे असा अंदाज दिला आहे. म्हणजे शेकडा सोळा. दर सहा माणसांत एक. चव्वेचाळीस आसनांची एखादी भरलेली एस.टी. गाडी डोळ्यांसमोर आणा. आपल्या शिरगणतीच्या हिशेबाने त्या गाडीत अपंग उतारू किती? एक. आरोग्य संघटनेच्या हिशेबाने? सात. गाडी तीच, उतारूही तेच. मग उरलेले सहाजण गेले कुठे?

श्रीमंत देशांकडे पाहिले तर कोडे अधिकच वाढते. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या पाहणीत शेकडा २१.४ लोक अपंग आढळले. कॅनडात त्याच वर्षी पंधरा वर्षांवरील लोकांत हे प्रमाण शेकडा २७ भरले. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०१८ साली सांगितले की त्यांच्याकडच्या प्रौढांपैकी चारांत एकाला कसले ना कसले अपंगत्व आहे. हे आकडे खरे मानले आणि आपलेही खरे मानले, तर निष्कर्ष असा निघतो की जिथे दवाखाने भरपूर, रस्ते चांगले आणि खाणेपिणे सकस, तिथली माणसे आपल्यापेक्षा दहा-बारा पटींनी अधिक अधू आहेत! असे कुणी म्हणू लागला तर आपण त्याला वेड्यात काढू. तरीही वर्षानुवर्षे आपण नेमके हेच कागदोपत्री म्हणत आलो आहोत.

फरकाची काही कारणे सरळ आहेत, ती आधी मान्य करू. त्या देशांत म्हातारी माणसे अधिक, आणि वय वाढते तसे डोळे, कान आणि गुडघे दगा देतात. तिथे अपघातात सापडलेला किंवा जन्मतः अधू असलेला जीव उपचारांमुळे वाचतो आणि दीर्घकाळ जगतो. शिवाय तिथल्या पाहण्यांत दुखण्याखुपण्याची व्याख्याही अधिक व्यापक असते. हे सारे खरे. परंतु एवढ्याने दहा-बारा पटींचा फरक भरून निघत नाही. खरी गोम प्रश्नात आहे. कोण विचारतो, कुणाला विचारतो, आणि मुख्य म्हणजे काय विचारतो, त्यावर आकडा ठरतो.

याचा पुरावा शोधायला परदेशी जायला नको. आपल्याच शिरगणतीचा इतिहास पाहा. इंग्रजांच्या अमदानीत १८८१ पासून १९३१ पर्यंत दर शिरगणतीत हा प्रश्न असे. त्यात चार प्रकारची माणसे मोजीत : वेडी, जन्मापासून मुकी-बहिरी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी आणि महारोगी. पाय गमावलेल्याला त्या कागदावर जागाच नव्हती. १९४१ मध्ये प्रश्न गळाला. स्वातंत्र्यानंतरच्या १९५१, १९६१ आणि १९७१ या तिन्ही शिरगणत्यांत तो परतला नाही. पन्नास वर्षे या देशाने आपल्या अपंगांची गणती केली नाही.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेले अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष. त्या निमित्ताने प्रश्न पुन्हा आला, पण कसा? घरात पूर्ण आंधळा, पूर्ण पांगळा किंवा पूर्ण मुका कोणी आहे काय? 'पूर्ण' या एका शब्दाने मोठी करामत केली. सबंध देशात सापडले अवघे ११ लाख १८ हजार. हजारी दोनसुद्धा नाहीत! आणि मौज अशी की त्याच वर्षी सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने निराळे प्रश्न विचारून जो अंदाज काढला, तो जवळजवळ १ कोटी २० लाखांचा होता. एकच देश, एकच साल, दोन्ही कचेऱ्या सरकारी, आणि आकड्यांत दसपटीचे अंतर. त्यानंतर १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा वगळला. २००१ मध्ये तो परत आला तो आपोआप आलेला नाही. जावेद अबिदी यांच्यासारख्या, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी सरकारशी झगडा केला. आम्हांला पैसे द्या असे ते म्हणत नव्हते. आधी आम्हांला मोजा, एवढीच त्यांची मागणी होती.

२००१ आणि २०११ या दोन शिरगणत्या शेजारी शेजारी ठेवल्या तर आणखी एक नवल दिसते. २००१ मध्ये डोळ्यांनी अधू असलेली माणसे होती १ कोटी ६ लाख. दहा वर्षांनी ती उरली ५० लाख ३० हजार! उलट कानांनी अधू असलेली १२ लाख ६० हजार होती, ती झाली ५० लाख ७० हजार. दहा वर्षांत अर्ध्या आंधळ्यांना दृष्टी आली आणि बहिरे चौपट झाले की काय? तसे काही झाले नाही. व्याख्या बदलल्या, एवढेच. २००१ मध्ये एक डोळा गेलेल्यालाही दृष्टिहीनांत धरले होते. २०११ मध्ये त्याला वगळले. २००१ मध्ये कानाला यंत्र लावून ऐकणाऱ्याला गणतीत घेतले नव्हते. २०११ मध्ये घेतले. प्रगणकाच्या सूचनापुस्तिकेतल्या एका ओळीने पन्नास-पन्नास लाख माणसे कागदावर येतात आणि जातात. त्यांचे डोळे आणि कान मात्र होते तसेच राहतात.

वयाचा हिशेब तर फारच बोलका आहे. २०११ च्या आकड्यांप्रमाणे ऐंशी ते एकोणनव्वद वर्षांच्या माणसांत अपंगांचे प्रमाण होते शेकडा ८.४१. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या शंभर म्हाताऱ्यांपैकी एक्क्याण्णव-ब्याण्णव धडधाकट! वाचकहो, आपल्या नात्यातल्या, आळीतल्या, वाड्यातल्या ऐंशीपुढच्या माणसांची मनातल्या मनात एक यादी करा. त्यांतली किती जिना न धरता चढतात? किती जणांना फोनवरचे बोलणे नीट ऐकू येते? या यादीपुढे ते शेकडा आठ फार केविलवाणे वाटतात. शेजाऱ्यांच्या मातोश्रींसारख्या लाखो आज्या 'आता वय झाले' या तीन शब्दांच्या आड दडल्या आहेत.

दुसरे दडलेले माणूस म्हणजे घरातली मुलगी. २०११ मध्ये पुरुष अपंग १ कोटी ५० लाख आणि स्त्रिया १ कोटी १८ लाख. जगभरचा अंदाज याच्या उलट सांगतो. बायकांतले प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक, कारण त्या अधिक जगतात आणि त्यांच्या दुखण्याकडे लक्ष कमी जाते. आपल्याकडेच त्या कमी कशा? याचे उत्तर ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्याला विचारण्याचीही गरज नाही. तिला एका कानाने कमी ऐकू येते हे जिथे मावशीलाही कळू दिलेले नसते, तिथे अनोळखी प्रगणकाला कोण सांगणार?

तिसरे दडलेले माणूस मनाच्या आजाराचे. २०११ मध्ये मानसिक आजाराच्या रकान्यात सबंध देशातून ७ लाख २० हजार नावे आली. दहा हजारांत सहा. पुढे २०१५-१६ साली बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्या वेळी गंभीर मानसिक आजार असलेले प्रौढ शेकडा ०.८, म्हणजे दहा हजारांत ऐंशी आढळले. दोन्ही मोजण्यांची पद्धत निराळी, वयोगटही निराळे, हे ध्यानात घेतले तरी सहा आणि ऐंशी यांमधली दरी पद्धतीने बुजण्यासारखी नाही. ती लाजेची दरी आहे.

मग विचारायचे तरी कसे? यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाने २००१ साली एक अभ्यासगट नेमला. वॉशिंग्टन गट या नावाने तो ओळखला जातो. त्याने शोधून काढलेली तोड अगदी साधी आहे. 'अपंग' हा शब्दच उच्चारायचा नाही! त्याऐवजी सहा गोष्टी विचारायच्या. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकू यायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? गोष्टी लक्षात ठेवायला किंवा एका ठिकाणी मन लावायला? अंघोळ करायला, कपडे घालायला? आपले म्हणणे दुसऱ्याला समजावून द्यायला आणि दुसऱ्याचे समजून घ्यायला? उत्तरेही चार ठरलेली : काहीच त्रास नाही, थोडा होतो, पुष्कळ होतो, मुळीच जमत नाही. ज्याला एखाद्या तरी बाबतीत पुष्कळ त्रास होतो किंवा ती गोष्ट जमतच नाही, तो गणतीत आला.

गंमत पाहा. माझ्या शेजाऱ्यांना बाईंनी "आई पायऱ्या चढतात का?" असे विचारले असते, तर ते तत्काळ म्हणाले असते, "कसल्या पायऱ्या, बाई? भिंत सुटली की पडते ती." त्या उत्तरात लाज नाही, लपवालपवी नाही. 'अपंग' म्हटले की माणूस आपल्या घरावर शिक्का बसतो म्हणून बिचकतो. त्रास म्हटले की तो मोकळा होतो, आणि दोन वाक्ये अधिकच सांगतो.

आता काहीजण म्हणतील, "अहो, असे विचारीत गेलात तर निम्मा देश अपंग ठरेल! तेवढी पेन्शन कोण देणार?" हा गैरसमज आहे. सवलतीसाठी मोजणी निराळी आणि माणसांची मोजणी निराळी. नोकरीतल्या राखीव जागांसारख्या सवलतींना शेकडा चाळीस किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो. तो डॉक्टर देतात, शिरगणतीच्या बाई देत नाहीत. आणि त्या दाखल्याचीही कथा काय सांगावी! २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत असे दिसले की अपंग म्हणून नोंदलेल्या शंभरांपैकी फक्त एकोणतीसजणांजवळ दाखला होता. त्याच पाहणीत त्यांच्यातले, सात वर्षांवरचे, साक्षर निघाले शेकडा ५२. म्हणजे जे मोजले गेले त्यांचीही ही अवस्था. न मोजलेल्यांचे तर नावच नको.

शिरगणतीचा आकडा लागतो तो निराळ्याच कामासाठी. गावात शाळा बांधताना पायऱ्यांच्या बाजूला उतरण करायची की नाही, स्थानकावर किती सरकते जिने हवेत, तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासणारा माणूस नेमायचा की नाही, हे सारे कुणी तरी कुठे तरी कागद समोर ठेवून ठरवीत असतो. त्या कागदावर पंचेचाळिसात एक असा आकडा असला की तो म्हणतो, "एवढ्याशा लोकांसाठी एवढा खर्च?" मग उतरण होत नाही. उतरण नाही म्हणून पायाने अधू असलेला माणूस घराबाहेर पडत नाही. तो बाहेर दिसत नाही म्हणून आपल्याला वाटते, असली माणसे आहेतच कुठे? आणि तसे वाटते म्हणून पुढल्या शिरगणतीत आपण पुन्हा सांगतो, "छे हो, सगळे धडधाकट!" असे हे रहाटगाडगे. ते फिरवायला दुष्ट माणूस लागत नाही. तुमच्या-माझ्यासारखी भिडस्त माणसे पुरतात.

कायदा आता पुष्कळ पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. कंपवात आला, आम्लहल्ल्याने विद्रूप झालेली माणसे आली, आपल्या विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांत ठाण मांडून बसलेला सिकलसेल आला. शब्दही बदलला, सरकारी कागदावर अपंगांचे 'दिव्यांग' झाले. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते उघडले. रोगांचाही नकाशा पालटला. ज्या पोलिओने शेजाऱ्यांच्या भावाचा पाय नेला, त्याचा देशातला शेवटचा रोगी २०११ च्या १३ जानेवारीस हावड्याकडे सापडला; म्हणजे बाई आमच्या आळीत आल्या त्याच्या महिनाभर आधी. पोलिओ गेला, पण रस्त्यावरचे अपघात, मधुमेह, पक्षाघात आणि लांबलेले म्हातारपण त्याची जागा भरून काढीत आहेत. एवढे सगळे बदलले, आणि २०२१ ची शिरगणती मात्र करोनाच्या साथीमुळे झालीच नाही. २०२७ च्या शिरगणतीची अधिसूचना निघायला १६ जून २०२५ हा दिवस उजाडावा लागला. एकवीस प्रकारांचा कायदा इतकी वर्षे आठ रकान्यांच्या जुन्या आकड्यांवर चालवावा लागला.

सणाच्या दिवसांत हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. खरे म्हणजे याला हेच दिवस बरे. दिवाळीला सगळे घर एकत्र जमते. फराळाला बसल्यावर जरा पंगतीकडे पाहा. कुणाला दोनदा हाक मारावी लागते, कोण पाटावर बसायचे टाळून खुर्ची ओढून घेतो, कोण गप्पांत मधेच उगाच हसतो, कारण त्याला अर्धे ऐकूच आलेले नसते. दहा-बारा माणसांच्या पंगतीत असा एखादा, कदाचित दोघेही, सापडतील. दर सहांत एक हा हिशेब जीनिव्हाच्या अहवालातच आहे असे नाही. तो आपल्या पानावरही वाढलेला आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, "रेडिओ एवढा मोठा कशाला लावता?" असे सौभाग्यवतींनी विचारायला सुरुवात केल्याला आता तीन वर्षे झाली. मी अजून "यंत्रच बिघडले आहे" असे सांगतो. तेव्हा शेजाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मलाही नाही.

शेजाऱ्यांच्या मातोश्री त्यानंतर चार वर्षांनी गेल्या. शेवटची दोन वर्षे त्या त्या खोलीबाहेर आल्या नाहीत. उंबरा ओलांडणे त्यांना जमत नव्हते. देशाच्या कागदावर मात्र त्या अखेरपर्यंत धडधाकट होत्या.

म्हणून एवढेच सांगणे. शिरगणतीचा माणूस दाराशी येईल आणि तो प्रश्न विचारील, तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि आत जाऊन ज्याचे त्याला विचारून या.